पिवळा कमी पडतोय

५ जानेवारी, रविवार

एकतीस वर्षं रंगाच्या कंपनीत रोज सकाळी बॅचचा नंबर, शेड आणि शेवटी शेरा लिहीत आलो. आता बॅच नाही, तरी चहा झाला की हात वही शोधतो. म्हणून ही वही आणली. शेरा मारायला काहीतरी मिळेलच.

नोव्हेंबरात कंपनीनं मला घरी बसवलं. निवृत्तीच्या वयाला अजून दीड वर्ष होतं. शाल, नारळ, आणि मॅनेजरांचं भाषण : 'टिपणीस साहेबांच्या डोळ्यांनी ही कंपनी रंग बघायला शिकली.' टाळ्या झाल्या आणि मग सगळे समोशांकडे वळले. तेव्हापासून मी बदलापूरच्या या घरात खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगचा रंग किती वाईट मिसळलाय ते बघतो.

कुंदानं आज नवीनच काढलं. "अहो, उल्हासनगरला जाऊ. जुन्या वस्तू आणू. तुम्ही रंगवा, मी विणकाम-शिवणकाम करीन. लोक हौसेनं घेतात हल्ली. पण आणायच्या त्या फक्त पिवळ्या."

"पिवळ्याच का?"

"घर प्रसन्न दिसेल," म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

दुपारी गेलोच. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये परसरामचं जुन्या सामानाचं दुकान आहे. छतापर्यंत ढीग. पंखे, घड्याळं, ट्रंका, काचेच्या हंड्या. कुंदा म्हणाली, "रंगातले तुम्ही. तुम्हीच निवडा." मी बिस्किटांचा एक जुना डबा काढला, दिव्याची काचेची टोपी काढली आणि एनॅमलचा एक वाडगा. परसराम हसला. "साईं, ये कटोरा तो सफेद है."

दुकानात अंधार होता आणि वस्तूंवर बोटभर धूळ. कुंदानं तो वाडगा परत ठेवला, दुसरा उचलला. घरी येईपर्यंत गप्प होती. एका वाडग्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

९ जानेवारी, गुरुवार

बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून काम सुरू केलं. लाकडी स्टूल घासून काढलं. हाताला काम मिळालं की माणूस माणसात येतो.

कुंदाला पिवळ्याचे नियम सांगितले. तिनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले आणि फ्रिजला लावले. लिंबू-पिवळ्याशेजारी राखाडी, म्हणजे लिंबू हसतं. हळदीशेजारी जांभूळ. आंब्याच्या पिवळ्याला बाटलीचा हिरवा. मोहरीच्या पिवळ्याला साय. आणि पिवळ्याला शुभ्र पांढऱ्याजवळ कधी बसवू नये, तो बुजतो, सासरी आलेल्या पोरीसारखा भिंतीला चिकटून राहतो. कुंदा हसली. बऱ्याच दिवसांनी.

तिनं लोणच्याच्या बरण्यांना सुतळी गुंडाळली, जुन्या साडीचे काठ उसवून उशीच्या अभ्र्याला लावले. छान हात आहे तिचा. मी स्टुलासाठी लिंबू-पिवळा मिसळला. बाजारात आता जे पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्य, मिळतं त्यात दम नाही. ओतावं तितकं थोडंच. शेवटी अख्खी ट्यूब घातली तेव्हा कुठे रंगानं डोळे उघडले.

कुंदा बराच वेळ डब्यात बघत राहिली. "एवढा?"

"एवढाच लागतो," मी म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज अंबरनाथच्या आनंदनगरातल्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी. या दिवशी मी घरी असायचो तेव्हा बरं वाटायचं. आता रोजच शुक्रवार आहे.

ज्या बॅचवरून सगळं झालं ती आठवली. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. जुलैमध्ये एका शाळेच्या इमारतीसाठी मलई-पिवळा होता. रंग मोजायचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. मशीन नसताना आम्ही काय उपाशी राहायचो? डोळ्यांनी जुळवला. माझ्या हाताखाली राजरत्न, बीएस्सी, अकरा वर्षं माझ्याजवळ. चांगला माणूस, पण त्या दिवशी चारचौघांत म्हणाला, "साहेब, पिवळा वर चाललाय, जास्त होतोय. जरा बाहेर उजेडात बघा." हे मला? मी कधी माणसामाणसांत भेद केला नाही, त्याच्या डब्यातली भाजी खाल्लीय मी. पण कामगारांसमोर बोलायची एक पद्धत असते.

मी बॅचकार्डावर लिहिलं : पिवळा कमी पडतोय. वाढवा.

शाळेनं सगळा माल परत पाठवला. भडक, म्हणे. चौकशीत मी लिहून दिलं की सांगितल्यापेक्षा जास्त पिगमेंट पडलं. त्यानं जास्त टाकलं असणार. नाहीतर भडक होईलच कसा? राजरत्नला काढलं. चार महिन्यांनी आणखी दोन बॅचेस परत आल्या आणि मग मला शाल मिळाली.

स्टूल वाळलं. वाळल्यावर रंग उतरतो हे मान्य. पण इतका? त्या दिवशीचा तो रंगच नाही हा, अगदी नरम झालाय. कुंदा म्हणाली, "हवेनं झाला असेल." तिच्या नखांत रंग होता. म्हटलं, तू कशाला हात लावलास? म्हणाली, डाग पुसत होते.

२६ जानेवारी, रविवार

बदलापुरातल्याच कात्रप भागात एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचं प्रदर्शन होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस, त्यामुळे गर्दी. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल. कुंदानं राखाडी चादर अंथरली, वर बरण्या, डबे, स्टूल, दिव्याची टोपी. लोक थांबत होते. एक बाई म्हणाली, "बघूनच बरं वाटतं हो." मला आत कुठेतरी फार बरं वाटलं. लपवत नाही.

जाताना स्कूटरवर डावीकडून रिक्षा अंगावर आली. कुठून आली कळलंच नाही. हे लोक हॉर्न देत नाहीत. कुंदाचा गुडघा खरचटला. येताना ती म्हणाली, आपण रिक्षानं जाऊ, स्कूटर राहू दे इथेच. तिला घाबरायला निमित्त लागतं.

आणि हो, शलाका नावाची मुलगी भेटली. सातवा महिना. तिच्या वडिलांनी बनवलेला पाळणा आहे. वडील गेल्या वर्षी गेले. पाळण्याचा रंग उडालाय, कडा सोलपटल्यात. "काका, फिकट पिवळा कराल? सकाळच्या पहिल्या उन्हासारखा?"

असं मागणारं गिऱ्हाईक एकतीस वर्षांत भेटलं नव्हतं. सगळे नंबर सांगायचे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाळणा आला. सागवानी, सांधे अजून घट्ट. माणूस कसबी होता. रंग मात्र साधाच दिलेला, सगळीकडे पांढरट. डोक्याकडची फळी बघून कुंदा म्हणाली, "अगं बाई, किती सुंदर!" कोरी फळी. तिच्यात सुंदर काय? पण बायकांना पाळणा दिसला की असं होतं.

"ही फळी तशीच ठेवायची हं," म्हणाली.

"अर्धवट काम मी करत नाही," मी म्हटलं.

"मी सांगते ना, ठेवायची." आणि मग माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या ना."

महिनाभरात हे चौथ्यांदा. मी आवाज चढवला. माझ्या डोळ्यांवर दोनशे माणसांची कंपनी चालली आहे. चहाचा कप ठेवायला गेलो तर टेबलाची कड चुकली आणि कप फुटला. रागाच्या भरात होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुंदाची बहीण कर्जतला आजारी आहे, म्हणून ती दोन दिवस तिकडे. जाताना तीनदा बजावलं, पाळण्याला हात लावू नका, मी आल्यावर मिळून करू. तिला वाटतं तिच्याशिवाय माझं पान हलत नाही. मी ठरवलं, ती यायच्या आत पाळणा पुरा करून शलाकाच्या घरी पोचवायचा.

पॉलिशपेपरनं सगळं गुळगुळीत केलं. डोक्याकडची फळीसुद्धा. मग रंग. पांढऱ्यात थोडा थोडा पिवळा सोडत गेलो. पहाटेचं ऊन मी किती वेळा बघितलंय. पहिल्या पाळीला जाताना मलंगगडाच्या कड्यावर ते पडलेलं असायचं. तो रंग डोक्यात अगदी स्पष्ट आहे. डब्यातला मात्र तिथपर्यंत येईना. कितीही घाला, दुधासारखाच. आणखी घातला. शेवटी आला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

टेम्पोत पाळणा घालून मीच घेऊन गेलो. शलाकानं दार उघडलं. कापड काढलं मी, समारंभानं. तिच्या सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग."

"काका, मी फिकट म्हटलं होतं ना?" शलाका म्हणाली.

"फिकटच आहे हा. खिडकीशी न्या, उजेडात बघा." बोलताना मलाच कसंतरी झालं. हे वाक्य माझं नव्हतं.

ती खाली बसली, अवघडून, पोट सावरत. डोक्याकडच्या फळीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. "माझे पक्षी कुठायत?"

"कसले पक्षी?"

"बाबांनी काढलेले. पिवळे. दोन होते इथे." तिनं मोबाइल काढून फोटो दाखवला. मी बघितला. मला पांढरट फळी दिसली. ती बोटानं दाखवत होती, ही चोच, हे पंख, बाबांना पंख नीट यायचे नाहीत म्हणून एक मोठा झालाय. मी मान हलवत होतो. मला काही दिसत नव्हतं.

मग ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. मी चप्पल घालून निघालो, आणि बाहेर आल्यावर कळलं, एका पायात दुसऱ्याच कुणाची तरी होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कुंदा घेऊन गेली. या वेळी मी भांडलो नाही.

एका यंत्रात हनुवटी टेकवायची आणि बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ दिवा लागलाच नाही. मी विचारलं, मशीन बंद पडलं का? ती मुलगी म्हणाली, "नाही काका, चालू आहे. तुम्ही बघत राहा."

मग डॉक्टरांनी एक काळा ट्रे पुढे ठेवला. त्यात बटणांएवढ्या सोळा रंगीत टिकल्या. एक पक्की, बाकीच्या तिच्या शेजारी जवळच्या छटेनं लावत जायच्या. मला हसू आलं. एकतीस वर्षं दुसरं काय केलं? दोन मिनिटांत लावल्या. पोराटोरांचा खेळ. मी कुंदाकडे बघितलं, ती खाली बघत होती.

डॉक्टरांनी ट्रे उलटा केला. टिकल्यांच्या पाठीवर आकडे असतात, ते क्रमानं यायला हवेत. पाच, सहा, सात, पंधरा, आठ, चौदा, नऊ...

ते हळू बोलत होते. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. जोडीला साखर. कडेचं आधी जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, समोरचं दिसत राहतं. रंगांत आधी पिवळ्या-निळ्याची ओळख पुसट होते. थेंब आयुष्यभर. उरलंय ते सांभाळू.

"गेलेलं?" मी विचारलं.

"गेलेलं येत नाही."

"किती दिवसांपासून असेल?"

"दोन वर्षं तरी. जास्तही असेल."

जुलैला सात महिने झाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज काही नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कुंदा बोलली. मी जेवायला नको म्हटलं, तेव्हा ताट बाजूला सारून समोर बसली.

"राजरत्न आले होते आपल्या घरी. जुलैत. बॅच परत यायच्या आधी. तुम्ही कंपनीत होता."

"कशाला?"

"म्हणाले, वहिनी, साहेबांचे डोळे दाखवून घ्या. त्यांना पिवळा दिसत नाहीये. मी कंपनीत कुणाला बोललो नाही. मी दोन महिने त्यांच्या बॅचेस हळूच सुधारून घेतोय, पण आता एक मोठी निघालीय आणि ती माझ्या हातात नाही."

माझ्या बॅचेस. सुधारून. अकरा वर्षं मी समजत होतो की मी त्याला शिकवतोय.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मग म्हणाली, "मी भित्री आहे हो. मला वाटलं, मी कशाला तोंडावर सांगू, घरात सगळं पिवळं पिवळं आणलं तर तुमचं तुम्हालाच एक दिवस कळेल. म्हणून ते सगळं. स्टूलपण मीच परत रंगवलं. मला वाटलं, सोपं जाईल तुम्हाला."

म्हणजे घर प्रसन्न दिसावं म्हणून नव्हतं ते. परीक्षा होती. आणि मी रोज नापास होत होतो, नियम शिकवत शिकवत.

तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं. ओरडता आलं नाही. सात महिने आधी औषध सुरू झालं असतं. राजरत्नही आज कामावर असता. तिनं एक लपवलं, मी दुसरं.

कारण एक गोष्ट मी या वहीतसुद्धा खोटी लिहिली आहे. 'त्यानं जास्त टाकलं असणार.' त्यानं जास्त टाकलं नव्हतं. मी दोन किलो सांगितल्याचं चौकशीत लिहून दिलं. सांगितले होते चार. त्यानं दोनदा विचारलं, चार ना साहेब? मी म्हटलं, चार. हे मला तेव्हाही पक्कं आठवत होतं. आकडा वाचायला डोळे लागत नाहीत.

त्या सहीला काचबिंदूची सबब चालत नाही.

३ मार्च, सोमवार

कंपनीला कबुलीचं पत्र लिहायला चार दिवस लागले. सुरुवात सोपी, शेवटही सोपा. मधलं एक वाक्य लिहिताना प्रत्येक वेळी पेन दुसरीकडेच जायचं. 'गैरसमजातून', 'अनवधानानं'. सगळे शब्द फिकट करणारे. काल कुंदानं वाचलं आणि म्हणाली, "हे वाक्य सरळ लिहा." लिहिलं.

मॅनेजरांना फोन केला. म्हणाले, "टिपणीस, बंद झालेली फाईल कशाला उघडता? आता कुणाला काय फायदा?" मी म्हटलं, त्याच्या नावावरचा डाग पुसा. आनंदनगरात कुणी रंगातलं काम देत नाही म्हणे त्याला. ते हसल्यासारखं बोलले : "अहो, डोळ्यांचं तुम्हीच सांगताय. मग रंगाबद्दल तुमची साक्ष कोण मानणार?"

पत्र तरी पोस्टानं पाठवलं. एक प्रत ठेवली.

कुंदा पाळण्याचा रंग खरवडून काढतेय. शलाकाला फोन करून तिनं स्वतः मागून आणला. खालचे पक्षी वाचले नाहीत. मी घासले होते ना. फोटोवरून पुन्हा काढायला शलाका नको म्हणाली. "बाबांचे ते बाबांचे," म्हणाली. नुसता रंग तेवढा नीट करून द्या.

कुंदा बाल्कनीतून विचारते, "पांढऱ्याच्या डब्यात किती घालू?" मी आतूनच सांगतो, अर्धा चमचा, आणि कणभर गेरू, नाहीतर आजारी दिसेल. ती म्हणते, "अगदी बरोबर आला." सगळे पिवळे डोक्यात आहेत माझ्या. त्यांचा आता कुणाला, मलासुद्धा, भरवसा धरता येणार नाही.

९ मार्च, रविवार

अंबरनाथला राजरत्नच्या घरी गेलो. एकटाच, रिक्षानं. तो नव्हता. दारात त्याचे वडील भीमराव. पंच्याहत्तरीचे, फॅक्टरीत फिटर होते. नाव सांगितलं तसे उठून उभे राहिले आणि खुर्ची पुसून दिली. ते बघून मला परत जावंसं वाटलं.

"राजरत्न कुठे असतो हल्ली?"

"कात्रपला. बिल्डिंगच्या गेटावर. वॉचमन." मग फडकं झटकत, "मला त्यानं नाही सांगितलं. सूनबाईकडून कळलं. आम्ही बोलत नाही."

"का?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच माहीत असायला हवं होतं. "आमच्या घरातला पहिला बीएस्सी. कंपनीचा कागद आला, खाली तुमची सही. पोरगा म्हणाला, बाबा, मी नाही केलं. मी म्हटलं, एवढा शिकलेला साहेब माणूस, खोटं कशाला लिहील? त्या दिवसापासून शब्द नाही. एका घरात."

मी खिशातला कागद काढून वाचायला लागलो. सगळा वाचला. ते ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत सांगा. चार म्हणाला होता तुम्ही?"

"हो."

"आणि दोन लिहिलं."

"हो."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते आत गेले, धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून बाहेर आले. "चला," म्हणाले.

"कुठे?"

"त्याच्यापुढं वाचा. मला एकट्याला तोंड नाही जायला."

शेअर रिक्षात शेजारी शेजारी बसून बदलापूरला आलो.

नवीन सात मजली बिल्डिंग. निळा गणवेश, निळाच असावा, प्लास्टिकची खुर्ची, पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांची वही. मला बघून राजरत्न उभा राहिला. मग माझ्या मागचे वडील त्याला दिसले आणि त्याचा हात वहीवरच राहिला.

"बस रे," भीमराव म्हणाले. तो बसला नाही.

वाचायला सुरुवात केली. 'मी, मधुकर टिपणीस, लिहून देतो की जुलैच्या बॅचमध्ये पिवळा जास्त पडला तो माझ्या सांगण्यावरून. राजरत्न यांनी मला दोनदा थांबवलं होतं.' आणि ते वाक्य आलं तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. तो गेट उघडायला गेला, गाडीवाल्याला सलाम केला, नंबर लिहिला, गेट लावलं. तोवर मी सहीपर्यंत पोचलो होतो.

तो परत आला. "साहेब, पहिल्यापासून वाचा. मधलं ऐकू आलं नाही."

ऐकू आलं होतं. गेट दहा पावलांवर आहे. पण मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी हॉर्न वाजला नाही. 'चौकशीत मी दोन किलो सांगितल्याचं लिहिलं. मी चार सांगितले होते. हे मला लिहितानाही माहीत होतं.'

त्यानं कागद घेतला, घडी केली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. मी म्हटलं, कंपनीलाही पाठवलाय, त्यांनी दाद दिली नाही, मी पुन्हा जाईन. "नको," तो म्हणाला. "तिथं आता मला जायचंच नाही." मग मी माफी मागितली. तो वहीतली पुढची ओळ आखायला लागला. ते त्याचं बरोबर होतं.

भीमराव गेटाच्या दगडावर टेकले होते. तिथूनच म्हणाले, "तुझा बदली माणूस कधी येतो?"

"आठला."

"थांबतो."

राजरत्ननं खुर्ची उचलून वडिलांकडे नेली. ऊन कलत होतं. मी उभाच.

"तुम्ही निघा साहेब," तो म्हणाला. "अंधार पडायच्या आत घरी पोचा. नंतर तुम्हाला दिसणार नाही."

तो माझ्या डावीकडे उभा होता. रागानं म्हणाला की काळजीनं, ते त्याच्या चेहऱ्यावर असेल. मी मान वळवेपर्यंत तो गेटाकडे गेला होता.